आपण नेमकं काय मानतो, हे कागदावर कसं उतरवावं

‘तुमचा कशावर विश्वास आहे?’ असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडून दोन-तीन मोठे शब्द येतात : प्रामाणिकपणा, कुटुंब, देव, विज्ञान, माणुसकी. विषय तिथेच संपतो. पण त्या शब्दांवरून त्या माणसाने गेल्या महिन्यात एखादा निर्णय का घेतला हे कळत नाही, आणि उद्या पेच पडला तर तो कुठे झुकेल हेही सांगता येत नाही. आपली मतं आणि श्रद्धा आपल्याच उपयोगी पडाव्यात असं वाटत असेल तर त्या पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट लिहाव्या लागतात.

लिहायला बसलं की पहिली अडचण येते ती अशी : जगाबद्दलची माहिती, आपल्याला काय मोलाचं वाटतं ते, पुराव्याच्या पलीकडे जाऊन टाकलेला भरवसा आणि आपल्या माणसांत राहण्यासाठी धरलेली मतं, या चारही गोष्टी ‘मी मानतो’ या एकाच शब्दप्रयोगाने सुरू होतात. त्यांची तपासणी मात्र चार वेगळ्या रीतींनी करावी लागते. एकाची कसोटी दुसऱ्याला लावली की माणूस एकतर उगाच सगळं सोडून देतो, नाहीतर कशालाच हात लावू देत नाही. खालची सगळी पद्धत हा गुंता सोडवण्यासाठी आहे. सहा बैठका, प्रत्येकी साधारण ४० मिनिटं, दोन-तीन आठवड्यांत पसरलेल्या. एका रविवारी सगळं उरकायला जाऊ नका. मधले मोकळे दिवस हा कामाचाच भाग आहे, कारण बरीचशी वाक्यं तेव्हाच सुचतात.

तयारी

१०० पानी वही, ४०-५० कोरी कार्डं (साध्या कागदाचे चार-चार तुकडे केले तरी चालतील), एक पाकीट आणि पेन. हे फोनवर करू नका. फोनवर खोडलेलं दिसेनासं होतं, आणि इथे खोडलेलं वाक्य बहुधा राहिलेल्या वाक्याइतकंच बोलकं असतं. रबर वापरू नका. एक रेघ मारा आणि शेजारी नवीन लिहा.

वही दुसऱ्या कुणाच्या हाती पडणार नाही याची सोय आधी करा. कुणीतरी वाचणार आहे ही शंका मनात असली की वाक्यं आपोआप त्या व्यक्तीसाठी लिहिली जातात, मग ती आई असो, जोडीदार असो की गुरू.

वेळही पाहा. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, नातं तुटलं असेल, घरात मोठं भांडण चालू असेल तर हे काम दोन-तीन महिने पुढे ढकला. अशा काळात एकच विषय इतका फुगतो की बाकीचं दिसत नाही. एरवीही लिहिल्यावर लगेच मन जड होऊ शकतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं आपल्या कटू अनुभवांबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून उठताना जास्त खिन्न वाटत होतं. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांचं दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी झालं. तेव्हा तासाभराची उदासी ही बिघाडाची खूण मानू नका. पण सलग काही दिवस झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर वही तिथेच बंद करा आणि डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी बोला. त्या अवस्थेत हे एकट्याने करायचं काम नाही.

पहिली बैठक : ‘मी कोण?’, वीस वेळा

मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये एक अगदी साधी चाचणी मांडली. ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाला २० उत्तरं लिहायची, १२ मिनिटांत. आपणच आपल्याला सांगतोय असं समजून, सुचतील त्या क्रमाने, महत्त्व किंवा तर्क न पाहता, भराभर. घड्याळ लावा आणि तसंच करा.

सुरुवातीच्या ओळी सरळ येतात : मुलगी, शिक्षक, अमुक धर्माचा, तमुक भाषेची. या कुणालाही पडताळता येणाऱ्या ओळखी. कून आणि मॅकपार्टलंड यांना आढळलं की माणसं अशा ओळखी आधी संपवतात आणि मग ‘एकलकोंडा’, ‘चांगली आई’ अशा, अर्थ लावावा लागेल अशा वर्णनांकडे वळतात. बाराव्या-तेराव्या ओळीपाशी हात अडकला तर उठू नका. या कामाला लागणारा माल बहुतेक वेळा तिथून पुढेच असतो.

वीस झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा : जन्माने मिळालेली, स्वतः निवडलेली, की इतरांनी चिकटवलेली. मग एकेक ओळ हाताने झाकून विचारा, ही उद्या गेली तर तिच्याबरोबर आणखी किती जातील? नोकरी झाकली की ‘कर्तबगार’, ‘घराचा आधार’, ‘व्यग्र’, ‘आदर मिळणारा’ अशा चार-पाच ओळी सहज कोसळतात. ज्या ओळीबरोबर तीनपेक्षा जास्त ओळी जातात तिला तारा करा. पुढे ज्या मतांना हात लावताना छातीत धडधडेल, ती बहुतेक या तारांकित ओळींना बांधलेली असतील. हे आधीच माहीत असलेलं बरं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे इच्छा ही वस्तुस्थिती म्हणून लिहिणं. ‘मी शिस्तीचा आहे’ लिहिलंत? गेल्या सात दिवसांतलं एक उदाहरण शेजारी लिहा. आठवलं नाही तर ओळ बदला : ‘मला शिस्तीचं व्हायचं आहे.’ ही ओळ कमी दर्जाची नाही, फक्त तिची जागा वेगळी आहे.

दुसरी बैठक : वाक्यं

आता कार्डं घ्या. एका कार्डावर एकच वाक्य, सुरुवात ‘मी मानतो की’ किंवा ‘मी मानते की’ अशीच. ‘माणसाने’, ‘आपण सगळे’, ‘असं म्हणतात की’ हे कर्ते चालणार नाहीत. विषय हवे असतील तर : मृत्यू आणि त्यानंतर, देव, नशीब, पैसा, यश, आईवडिलांचं ऋण, मुलांवरचा हक्क, लग्न, खोटं बोलणं, शिक्षा, क्षमा, परके लोक, आजार, सत्ता, निसर्ग. पंचवीस-तीस कार्डं पुरे.

वाक्य इतकं नेमकं हवं की कुणीतरी त्याला ‘नाही’ म्हणू शकेल. ‘कष्टाला पर्याय नाही’ हे कार्ड सगळ्यांच्याच गठ्ठ्यात येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो, कारण त्याच्या आत निदान दोन निराळी वाक्यं लपलेली असतात. एक : ‘मी मानतो की पुरेसे कष्ट केले तर कुणालाही स्थैर्य मिळतंच.’ दुसरं : ‘मी मानतो की फळ मिळो न मिळो, कष्ट न करता जगणं मला कमीपणाचं वाटेल.’ पहिलं जगाबद्दल आहे आणि ते चूक असू शकतं. त्यातून, ज्याला स्थैर्य मिळालं नाही त्याने कष्टच केले नसतील, असा निवाडाही गुपचूप निघतो. दुसरं स्वतःबद्दल आहे आणि त्यातून कुणावरच निवाडा निघत नाही. दोन्ही माणसं तोंडाने तेच बोलतील. अडचणीत सापडलेल्या भावाशी ती वागतील मात्र पूर्ण वेगळी. म्हणून प्रत्येक सुभाषितासारख्या कार्डाला विचारा : यातून मी इतरांबद्दल काय ठरवतो?

मोठ्या विषयांची कार्डं झाली तरी एक प्रकार राहून जातो. ज्या समजुतींवर आपण रोज चालतो त्या कधी बोलल्याच गेलेल्या नसतात, त्यामुळे विचारून सापडत नाहीत. त्या रागातून, लाजेतून आणि हेव्यातून पकडाव्या लागतात. गेल्या महिनाभरातले आठ प्रसंग आठवा, ज्यात प्रतिक्रिया प्रसंगाच्या मानाने मोठी होती. मग तो राग रास्त ठरवणारं वाक्य लिहा. जवळच्या मैत्रिणीने दोन दिवस निरोपाला उत्तर दिलं नाही आणि तुम्ही आतून पेटलात. तर वाक्य काय? ‘मी मानते की माझी किंमत असेल तर मला वाट पाहावी लागणार नाही.’ लिहिल्यावर हे बालिश वाटेल आणि फाडून टाकावंसं वाटेल. फाडू नका. देव आणि नियती यांवरच्या कार्डांपेक्षा अशी कार्डं दिवसाकाठी कितीतरी जास्त निर्णय घेत असतात.

तिसरी बैठक : चार गठ्ठे

टेबलावर चार जागा करा आणि कार्डं वाटा.

जग कसं आहे हे सांगणारं वाक्य पहिल्या गठ्ठ्यात, वस्तुस्थितीच्या. काय मोलाचं आहे, कसं वागावं हे सांगणारं दुसऱ्या, मूल्यांच्या. पुरावा निकाल देऊ शकत नाही आणि तरी तुम्ही आपला भार टाकला आहे असं वाक्य तिसऱ्या, श्रद्धेच्या. इथे देव आणि परलोक येतील, तसा ‘हा माणूस मला फसवणार नाही’ हा भरवसाही येईल. आणि जे वाक्य सोडलं तर आपल्या माणसांत बसता येणार नाही अशी भीती वाटते ते चौथ्या, आपलेपणाच्या गठ्ठ्यात.

चौथा गठ्ठा सुरुवातीला जवळजवळ रिकामा राहतो. कुणालाच आपली मतं उसनी वाटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे ध्यानात ठेवावेत. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना सरकारी मदतीची एक योजना वाचायला दिली आणि कोणत्या पक्षाचा तिला पाठिंबा आहे ते सांगितलं. उदारमतवादी विद्यार्थ्यांनी कंजूष योजनाही आपल्या पक्षाची म्हटल्यावर उचलून धरली; पुराणमतवाद्यांनी सढळ योजना त्यांच्या पक्षाची म्हटल्यावर. आणि आपण योजनेतला मजकूर पाहून मत बनवलं असंच दोन्हीकडच्यांना वाटत होतं. यावरून करायची कृती सोपी आहे : सार्वजनिक विषयावरचं प्रत्येक कार्ड घेऊन ते वाक्य तुम्हाला सर्वांत न पटणाऱ्या नेत्याच्या किंवा गटाच्या तोंडी आहे अशी कल्पना करा आणि मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, ‘पण’ म्हणावंसं वाटलं, तर ते कार्ड निदान अर्धं तरी चौथ्या गठ्ठ्यातलं आहे.

बरीच कार्डं एका गठ्ठ्यात बसणार नाहीत. ती फाडून दोन किंवा तीन करा. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच होतं’ हे घ्या. याच्यात एक वस्तुस्थितीचं विधान आहे : संकटांनंतर माणसं बहुधा सुधारतात. एक श्रद्धेचं : घडणाऱ्या गोष्टींमागे हेतू आहे. एक मूल्याचं : कुरकुर न करता सोसणं चांगलं. आणि पुष्कळदा एक आपलेपणाचंही : आमच्या घरात असंच म्हणून पुढे जातात. पहिलं विधान पडताळून चूक निघालं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, आणि दुसऱ्याचा आधार वाटतो म्हणून पहिलं खरं होत नाही. शोकात असलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवावं की नाही, हा तर वेगळाच प्रश्न. या बैठकीत ३० कार्डांची ४० झाली तर काम नीट चाललं आहे. कार्डांची संख्या वाढलीच नाही तर तुम्ही वाक्यं सुटी न करता जशीच्या तशी उचलून ठेवली आहेत.

चौथी बैठक : कार्डाची मागची बाजू

मागे तीन नोंदी : हे पहिल्यांदा कुणाकडून आलं, तेव्हा माझं वय काय होतं, आणि हे सोडलं तर कुणाला दुखेल. शेवटी आजची तारीख.

उगम कळला म्हणजे विधान खोटं ठरलं असं नाही. आईने सांगितलं म्हणून ते अंधपणाने धरलेलं, आणि पंचविशीत पुस्तकात वाचलं म्हणून ते विचारपूर्वक, ही विभागणी कच्ची आहे. आईचं खरं असू शकतं आणि पुस्तकातलं चूक. उगम लिहायचा तो पुढे कोणत्या कार्डाशी जास्त हळुवारपणे वागावं लागेल हे कळण्यासाठी.

तारीख कशाला? कारण आपण पूर्वी काय मानत होतो याची आठवण भरवशाची नसते. ग्रेगरी मार्कस यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात लोकांना १९८२ साली विचारलं होतं की १९७३ मध्ये तुमची राजकीय मतं काय होती; त्यांची खरी जुनी उत्तरं हाताशी होती. लोकांनी सांगितलेली ‘जुनी’ मतं त्यांच्या त्या वेळच्या नव्या मतांकडे झुकलेली निघाली. पुढचा अंदाजही असाच फसतो. क्वाडबाक, गिल्बर्ट आणि विल्सन यांच्या २०१३ च्या अभ्यासात १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांनी भाग घेतला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो असं म्हणणाऱ्या सगळ्याच वयाच्या लोकांना पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असं वाटत होतं. तेव्हा जुनी पत्रं, डायऱ्या असतील तर याच बैठकीत काढा; आठवणीपेक्षा त्यांचा शब्द प्रमाण माना.

पाचवी बैठक : तपासणी

ही बैठक एका दिवसात संपत नाही. रोज एक गठ्ठा घ्या, चार दिवस.

वस्तुस्थितीच्या कार्डांवर खात्रीचा आकडा टाका, ० ते १००. मग सर्वांत जास्त खात्रीची पाच कार्डं घेऊन प्रत्येकावर अर्धं पान लिहा : हे नेमकं कसं घडतं, पायरी-पायरीने. ‘कडक शिक्षा असली की गुन्हे कमी होतात’ लिहिलं असेल तर गुन्हा करणाऱ्याच्या डोक्यात शिक्षेचा विचार कधी, कुठल्या क्षणी, किती माहितीनिशी येतो इथपासून सुरुवात करा. रोझनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये दाखवलं की कपड्याची चेन, शौचालयाचा फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला चांगलं कळतं असं लोकांना वाटतं, आणि पायरीवार लिहायला सांगितल्यावर ते स्वतःच आपल्या समजेला कमी गुण देतात. समाजाबद्दलच्या मतांना तर हे आणखी लागू आहे. लिहून झाल्यावर आकडा पुन्हा टाका. ९५ चे ७० झाले तर मत सोडायचं नाही. ७० च्या आवाजात बोलायचं.

त्याच कार्डाच्या खाली लिहा : काय दिसलं तर हा आकडा २० ने उतरेल? उत्तर सुचलंच नाही तर ते कार्ड या गठ्ठ्यातलं नाही. त्याला श्रद्धेत किंवा आपलेपणात हलवा. वर्तमानपत्रातली किंवा फोनवरची एखादी आकडेवारी तुमच्या बाजूची निघाली तर विचारा : नेमकी उलटी आकडेवारी याच पद्धतीने गोळा केली असती तर मी तिच्यात कोणत्या खोडी काढल्या असत्या? लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांच्या १९८४ च्या प्रयोगांत ‘निःपक्षपाती राहा’ या सूचनेने काही फरक पडला नव्हता. हा उलटा प्रश्न विचारल्यावर पडला. वहीची शेवटची दहा पानं विरुद्ध गोष्टींसाठी राखून ठेवा. आपल्या निष्कर्षाला न मानवणारी गोष्ट दिसली की ती चार्ल्स डार्विन लगेच टिपून ठेवत, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. रात्री लिहू म्हटलं की ती जाते.

मूल्यांना खरं-खोटं लागू नाही. त्यांची परीक्षा टकरीत होते. दुसऱ्या गठ्ठ्यातून आठ मूल्यं निवडा आणि त्यांच्या २८ जोड्या लावा. प्रत्येक जोडीत ‘दोन्ही एकदम जमणार नसतील तर?’ असं विचारून एक निवडा. कल्पनेतल्या प्रसंगात माणूस स्वतःला हवं ते उत्तर देतो, म्हणून जिथे शक्य असेल तिथे खरोखर घडलेला प्रसंग घ्या : आजारी नातेवाइकाने ‘मी बरा होईन ना?’ विचारलं तेव्हा तुम्ही सत्य निवडलं की दया? मोठ्या साहेबांनी सहकाऱ्याला चारचौघांत टाकून बोललं तेव्हा न्याय की नोकरी? २८ पैकी दहा-बारा जोड्यांना असे प्रसंग सापडतात. उरलेल्या रिकाम्या ठेवा.

मग गेल्या १४ दिवसांचा वेळेचा आणि खर्चाचा हिशेब काढून मूल्यांच्या यादीशेजारी ठेवा. एखाद्या मूल्यापुढे शून्य येतं तेव्हा लगेच स्वतःला ढोंगी ठरवू नका; कारणं तीन असू शकतात. ते मूल्य खरंच नुसतं तोंडी असेल. किंवा परिस्थितीने तुमचा वेळ बांधला असेल. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना कलेसाठी तास निघत नाहीत, म्हणून कलेवरचं प्रेम खोटं होत नाही. किंवा ते मूल्य काही न करण्याचं असेल. लाच न घेणं, चहाडी न करणं याला तास लागत नाहीत. त्याचा हिशेब, कोणत्या मोहाला नाही म्हटलं, या रकान्यात करावा लागतो. हा तिसरा प्रकार माणसं नेहमी विसरतात आणि विनाकारण स्वतःवर रागावतात.

श्रद्धेच्या कार्डांवर आकडा टाकू नका. ‘देव आहे, ६५ टक्के’ या वाक्याने आस्तिकाचंही काही सांगितलं जात नाही आणि नास्तिकाचंही. इथे दोन जुने प्रश्न फार कामाचे आहेत. पहिला विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाचा, १८७७ मधला. त्यांनी अशा जहाजमालकाचं उदाहरण दिलं, ज्याने जुन्या जहाजाबद्दलच्या शंका मनात दाबल्या, ते सुखरूप जाईल असा स्वतःचा विश्वास करून घेतला आणि प्रवाशांसह ते सोडलं. क्लिफर्ड यांच्या मते जहाज बुडालं नसतं तरीही तो दोषीच होता. म्हणून पहिला प्रश्न : माझ्या या विश्वासाची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते का? दुसरा प्रश्न तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी क्लिफर्ड यांना १८९६ मध्ये दिलेल्या उत्तरातून येतो. जिथे निवड टाळता येत नाही, ती आयुष्याच्या दृष्टीने मोठी आहे, दोन्ही वाटा आपल्याला खरोखर शक्य वाटतात आणि पुरावा निकाल देऊ शकत नाही, तिथे मनाचा कौल घेण्याचा हक्क माणसाला आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून विचारा : इथे पुरावा खरंच निकाल देऊ शकत नाही का, की मी तो पाहायचं टाळतोय?

गेलेलं माणूस कुठेतरी सुखात आहे या विश्वासावर कुणी आपला शोक पेलत असेल तर जेम्स यांच्या कसोटीवर तो सहज उतरतो. त्याला वाद घालून उखडायला जाणं मला क्रूरपणाचं वाटतं. पण श्रद्धेपोटी आजारी मुलाचं औषध थांबवलं जात असेल तर तो प्रश्न क्लिफर्ड यांच्या हद्दीत येतो. औषध लागू पडतं की नाही हे तपासता येतं, त्यामुळे ते कार्ड त्याच दिवशी पहिल्या गठ्ठ्यात हलवावं. श्रद्धा सोडावी लागत नाही. तिच्याकडून जे काम होत नाही ते तिच्यावर सोपवू नये, एवढंच.

शंका असतील तर त्या श्रद्धेच्याच कार्डावर खाली लिहा, वेगळ्या कागदावर नको. दोन्ही एकत्र दिसू द्या.

आपलेपणाच्या गठ्ठ्याला शिक्षा म्हणून पाहू नका. गटाशिवाय माणूस जगत नाही. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखण्याइतक्या उघड गोष्टीतही, सगळे एकमुखाने चुकीचं बोलत असताना, सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने गेली. त्याच प्रयोगांत एक जरी जोडीदार खरं बोलला तरी हे प्रमाण झपाट्याने उतरलं. त्यामुळे इथली कृती एकच : प्रत्येक कार्डापुढे, याच गटात राहून या मुद्द्यावर वेगळं बोलणारी एक व्यक्ती शोधून लिहा. नाव सापडलं तर त्या माणसाशी एकदा निवांत बोला, पटवायला नव्हे, ऐकायला. नाव सापडलंच नाही तर त्या गटात प्रश्न विचारायला जागा किती आहे, याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

सहावी बैठक : एक पान

सगळ्या कार्डांतून दहा-बारा वाक्यं निवडून एका पानावर स्वच्छ उतरवा. प्रत्येकापुढे एक कृती, तीही वेळेसकट : ‘सोमवारी बैठकीत सहकाऱ्यावर खोटा ठपका आला तर मी तिथेच बोलेन.’ ‘मी न्यायाने वागेन’ ही कृती नाही, कारण ती झाली की नाही हे सोमवारी रात्री सांगता येत नाही. दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध असतील तर दोन्ही राहू द्या, मध्ये बाण काढा. ओढूनताणून मेळ घातला की बहुधा दोन्हींतलं जास्त खरं असलेलं वाक्य पातळ होतं.

पानावर तारीख टाकून ते पाकिटात बंद करा आणि पाकिटावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. कार्डं वेगळी, वहीत ठेवा.

आता इतरांना सांगण्याचं. एखादी मोठी गोष्ट बदलली असेल, धर्मावरचा विश्वास उडाला असेल किंवा नव्याने बसला असेल, तर निदान महिनाभर जाहीर करू नका. नवीन मत पहिल्या आठवड्यात वाजवीपेक्षा मोठ्या आवाजात बोलतं, आणि एकदा चारचौघांत बोलून गेलं की ते बदलणं अवघड होतं. सांगायचं ठरलं की सगळे जमलेले असताना नको. एकेकाला, ज्याला सर्वांत जास्त दुखेल त्याला आधी. वाक्य ‘तुम्ही चूक होता’ असं नको, ‘मला आता असं वाटतं, आणि आपल्या नात्यातलं हे-हे तसंच राहील’ असं हवं. दुसरा अर्धा भाग गाळला की ऐकणाऱ्याला फक्त ताटातूट ऐकू येते. तुमचं राहणं, पैसा किंवा सुरक्षितता त्याच माणसांवर अवलंबून असेल तर आधी स्वतःची सोय पाहा. आपलं अंतरंग उघड करण्याचं बंधन कुणावरही नसतं, आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

सहा महिन्यांनी पाकीट उघडण्याआधी कोऱ्या कागदावर तीच दहा-बारा वाक्यं आठवून लिहा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे फरक आहे तिथे जुनं खोडू नका. खाली नवीन वाक्य आणि नवीन तारीख घाला. मग कृतींच्या रकान्यात झालेल्या आणि न झालेल्यांवर खुणा करा, आणि न झालेल्यांपैकी एकच निवडून पुढच्या सहा महिन्यांसाठी पुन्हा लिहा.